सातवं भोक

स्वतःच्या सासऱ्यांना भोकं पाडून खोक्यात ठेवणारा गृहस्थ साऱ्या जगात एकच झाला असेल, आणि तो कुंभकोणममध्ये आमच्या दुकानाच्या वरच्या माडीवर राहत होता. सासरेच काय, बायको, दोन्ही मुली, जावई, दूधवाला, विड्याच्या पानांची म्हातारी, कोपऱ्यावरच्या देवळातले भटजी, तळमजल्यावरचे आम्ही भाडेकरू, अशा सगळ्यांना त्यांनी भोकं पाडली होती आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ओळीनं उभं करून ठेवलं होतं. गल्लीतले तमिळ लोक त्यांना 'रायर' म्हणत. तंजावरच्या राजांबरोबर जी मराठी घराणी तिकडे गेली आणि तिकडचीच होऊन राहिली, त्यांतल्या कुणालाही तिकडे रायरच म्हणतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पितळी पाटीवर होतं आणि नावापुढे 'बी. ए.' अशी दोन ठसठशीत अक्षरं होती. पण मीही त्यांना शेवटपर्यंत रायरच म्हटलं. आज दोन घास सुखाचे खातो आहे ते त्यांच्यामुळे. तेव्हा हे लिहिताना हसू आलं तरी ते कुणाच्या पंगतीला बसून हसतो आहे याचं भान मला आहे.

रायर निवृत्त होण्यापूर्वी तिरुचीच्या एका मोठ्या कचेरीत भोकांच्या कार्डांच्या यंत्रावर होते. संगणक यायच्या आधी अशी यंत्रं असत. पुठ्ठ्यासारख्या जाड कार्डांवर भोकं पाडायची, ती यंत्रात घालायची, आणि यंत्र खडखड करत कार्डांची वाटणी करून द्यायचं. ती यंत्रं मोडीत निघाली तेव्हा कोरी कार्डं रद्दीत चालली होती. रायरांनी ती पोत्यांनी घरी आणली. यंत्र काही घरी आणता येईना, म्हणून त्यांनी आपली युक्ती काढली. कार्डाच्या वरच्या काठाला ओळीनं भोकं पाडायची आणि एकेका भोकाला एकेक प्रश्न द्यायचा. उत्तर 'हो' असेल तर भोकापासून काठापर्यंत कातरीनं कापून खाच करायची. 'नाही' असेल तर भोक तसंच ठेवायचं. मग सगळ्या गठ्ठ्याच्या त्या भोकातून एक लांब सळई घालून वर उचलायची. ज्यांचं भोक शाबूत ती कार्डं सळईला लटकून राहतात आणि ज्यांना खाच आहे ती टपाटप खाली पडतात. सळई आधी छत्रीच्या काडीची होती. पुढे नाचियारकोविलच्या एका समया घडवणाऱ्याकडून त्यांनी खास पितळी सळई करून घेतली आणि तिच्या टोकाला हौसेनं हंस बसवून घेतला. घरी कुणाला जेवायला बोलवायचं झालं की रायर 'तिखट खातो' या भोकातून सळई घालत, आणि खाली पडतील त्यांच्यासाठी काकू निराळं सांबार करत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. एकदा धाकट्या जावयाचं कार्ड चुकून खाली पडलं नाही, तर बिचाऱ्या जावयाला तीन दिवस गोडं सांबार खावं लागलं. तो काही बोलला नाही, कारण 'जेवणाबद्दल तक्रार करतो' हे भोकही डब्यात होतं आणि ते त्याला ठाऊक होतं.

मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं. आमचा भाग म्हणजे सांगली जिल्ह्याचा उगवतीकडचा, पावसानं पाठ फिरवलेला. तिकडे पोरगं मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या धंद्यात जातं. गलाई म्हणजे सोन्याचांदीची जुनी मोड वितळवून, तेजाबात टाकून शुद्ध करायचं काम. हिंदुस्थानात जिथे सराफकट्टा तिथे आमच्याकडची पोरं. मी नववीत होतो. दिवाळीला गावातले शेठ आले, घरोघर चहा प्यायले आणि जाताना तीन पोरं घेऊन गेले. त्यांतला एक मी. आईनं पिशवीत शेंगदाण्याची चटणी घातली. रेल्वेत तिसऱ्या दिवशी ती संपली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण लांब आलो आहोत. कुंभकोणमात मला वाचता येईल अशी एकही पाटी नव्हती. दिवसभर भट्टीपुढे मूस धरायची, तेजाबाच्या वाफेनं डोळे चुरचुरायचे, आणि सदा छातीत एक धाकधूक, की आपलं काहीतरी चुकतं आहे आणि ते कुणाच्या तरी लक्षात येणार आहे.

ते पहिल्यांदा रायरांच्याच लक्षात आलं. एके दिवशी दुपारी पांढऱ्या शुभ्र धोतरातले, कपाळावर गोपीचंदन लावलेले एक उंच गृहस्थ हातात पिवळं पडलेलं एक कार्ड घेऊन जिना उतरून आले आणि माझ्यासमोर उभे राहून मराठीत म्हणाले, "हें पाहा. तुमचा धूर माझ्या सासऱ्यांना लागतो."

त्या परमुलखात मराठी ऐकून माझ्या हातातली मूस सुटायचीच राहिली. पण मराठी तरी कसलं! जुन्या पोथीतून एखादं पान उठून चालत आल्यासारखं. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज जे बोलत निघाले तेच हे अजून बोलत होते, मध्ये मध्ये तमिळ शब्द पेरून. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. ते म्हणाले, "कां रे? बोलतां येत नाहीं कां? वर चल. तुझें कार्ड नाहीं केलें अजून."

वर काकूंनी मला पितळेच्या पेल्यात कॉफी दिली. कुंभकोणमची कॉफी प्रसिद्ध आहे, तिला 'डिग्री कापी' म्हणतात. रायरांनी एक कोरं कार्ड काढलं, भोकं पाडली आणि हातात कातरी घेऊन प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिखट खातोस? हो. कच्. झोपेत बोलतोस? माहीत नाही. "मग नाहीं धरूं." आई आहे? हो. कच्. तिला पत्र लिहितोस? मी गप्प. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि भोक तसंच ठेवलं. (त्या रात्री मी पहिलं पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते भोक कापून घेतलं.) मग सातवं भोक आलं. "दहावी झालास?" कातरी भोकापाशी आ वासून थांबली होती. समोरच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट होतं, कॉफीचा घोट तोंडात होता, दाराबाहेर 'बी. ए.'ची पाटी होती. मी म्हणालो, "हो." कच्. आठवं भोक कॉलेजचं. तिथे मात्र मी नाही म्हणालो, अगदी मानी माणसासारखा, जणू काही तेवढंच राहून गेलं होतं.

कॉलेज हा शब्द रायर देवाचं नाव घ्यावं तसा घेत. कावेरीच्या पल्याड एक जुनं सरकारी कॉलेज आहे. नदीवरच्या एका अरुंद पुलावरून तिकडे जायचं. त्या पुलापाशी आलं की रायर चपला काढून हातात घेत आणि पलीकडे गेल्यावर घालत. उन्हाळ्यात पूल तव्यासारखा तापलेला असे, तरी. मी एकदा विचारलं, "रायर, इथं देऊळ कुठलं?" ते म्हणाले, "दिसत नाहीं कां?" आणि पाय पोळल्यानं भरभर चालू लागले. तुम्ही कोणत्या साली बी. ए. झालात असं कुणी विचारलं की ते चष्मा पुसायला घेत, आणि तो चष्मा इतका वेळ पुसला जाई की विचारणारा कंटाळून घरी जाई. मला वाटे, केवढा हा विनय!

दोनअडीच वर्षं अशी गेली. तेजाबानं माझ्या बोटांची नखं पिवळी पडली आणि सकाळी उठल्या उठल्या खोकला येऊ लागला. एक दिवस रायर वरून ओरडले, "हा खोकला खालचा कां?" मी वर गेलो. त्यांनी माझं कार्ड काढलं, वर्तमानपत्राचं एक कात्रण समोर ठेवलं आणि जाहीर केलं, "तूं डेटा प्रोसेसिंग शिकावें." चौऱ्यांशी-पंच्याऐंशीचा सुमार तो. हे दोन शब्द गावात नुकतेच आले होते आणि लोक ते एखाद्या नव्या रोगाचं नाव घ्यावं तसे घेत होते. रायरांच्या मते मात्र त्यात नवीन काहीच नव्हतं. "भोकें पाडायचीं, वाटणी करायची, हुडकायचें. मी आयुष्यभर काय केलें? आतां त्याला नांव मिळालें इतकेंच." मी म्हणालो, "रायर, मला कसं जमणार?" ते म्हणाले, "ह्या गांवांत कापीलासुद्धां डिग्री आहे, तंबी. तुला नको?" तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ.

शिकवणाऱ्या जागा तीन होत्या. रायरांनी तिन्हींची कार्डं केली. पण त्यांची भोकं माहितीपत्रकं वाचून कापायची नाहीत, जाऊन बघून कापायची असा त्यांचा नियम. तेव्हा तीन बुधवारी (बुधवारी आमची भट्टी दुपारी विझे) आम्ही दोघं निघालो. त्यांची छत्री, त्यांचा डबा आणि मागे मी. तिन्ही ठिकाणी त्यांनी एकच प्रश्न विचारला : "एकाद्या मुलानें कार्ड चुकीचें केलें, तर तुम्ही काय करतां?"

पहिली जागा म्हणजे भांड्यांच्या दुकानावरची एक खाजगी संस्था, सहा महिन्यांचं सर्टिफिकेट. तिथे एकच संगणक. त्याला मखमली आच्छादन, वर जाईचा हार, चंदनाचा टिळा. मुलांना तो शुक्रवारी पूजेनंतर पाहायला मिळे. बाकीचे दिवस वहीत त्याचं चित्र काढायचं. तिथले संचालक हसून म्हणाले, "सार, संगणक चूक करतच नाही." रायर जिना उतरताना म्हणाले, "देव चुकत नाहीं हें मला ठाऊक आहे. मी भटाविषयीं विचारलें होतें." दुसरी जागा तंजावरला, वर्षाचा अभ्यासक्रम, स्वच्छ खोल्या, रांगेत बसलेली मुलं. तिथले सर कडक होते. म्हणाले, "चुकलेलं कार्ड आम्ही फाडून टाकतो. मुलाला दोनदा समज देतो, तिसऱ्यांदा मुलालाही काढतो." मला ते बरोबरच वाटलं, आमच्या शेठचा कायदा तोच होता. रायर परतीच्या बसमध्ये फक्त एकदा म्हणाले, "कार्ड महाग असतें रे."

तिसरं म्हणजे गावाबाहेरच्या रस्त्यावरचं एक कॉलेज. तिथे संध्याकाळचा दीड वर्षाचा डिप्लोमा नुकताच सुरू झाला होता. कौलारू वर्ग, बाहेर भाताची खाचरं, बेडकांचा आवाज. शिकवायला एक तरुण बाई, केसांत मोगरा, बोटांना खडू. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "ज्यानं केलं त्याच्या शेजारी जाऊन बसते. कुठे चुकलं ते त्यालाच सापडेपर्यंत. मग दोघं मिळून दुरुस्त करतो." रायरांनी तिथल्या तिथे खिशातून कातरी काढली आणि त्या कॉलेजच्या कार्डाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या खाचा मारल्या. बाई घाबरून बघत राहिल्या. रायर म्हणाले, "हाच अभ्यासक्रम. अर्ज द्या." अर्जाला दहावीच्या प्रमाणपत्राची नक्कल जोडायची होती.

"गावी आहे," मी म्हणालो. "मग लिही," रायर म्हणाले. मुदतीला तीन आठवडे होते. मी पत्र लिहिलं खरं. त्यात आईला विचारलं की म्हैस कशी आहे. आणि मग रोज सकाळी वरून हाक येऊ लागली, "आलें कां?" "नाही आलं, रायर." पहिल्या आठवड्यात ते मला धीर देत. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा संशय आमच्या पोस्टमनवर गेला. हा पोस्टमन साधा, पायानं थोडा अधू माणूस. इतक्या वर्षांत त्यानं कुणाचं पत्र हरवलं नव्हतं. रायरांनी त्याचं कार्ड डब्यातून काढलं आणि त्याची 'विश्वासू' ही खाच बारकाईनं तपासू लागले. मग एक दिवस छत्री घेऊन ते पोस्टात गेले आणि साहेबांसमोर त्याला उभं करून आले. दुपारी तो पोस्टमन दुकानाशी आला. मला म्हणाला, "तंबी, मी पिशवी तीनदा उलटी केली. घरीसुद्धा पाहिलं. तुझं पत्र माझ्याकडे नाही. मुलांची शपथ." त्याचे डोळे भरले होते.

माझ्यानं खोटं उचललं गेलं होतं, पण ते दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणं काही झेपेना. मी तसाच, हातावर भट्टीची काजळी, जिना चढून वर गेलो. रायर जेवायला बसले होते, काकू वाढत होत्या. मी उंबऱ्यातच उभा राहून म्हणालो, "पोस्टमनचा दोष नाही. प्रमाणपत्र नाहीच आहे. मी दहावी झालोच नाही. नववीतून आलो."

रायरांचा हात ताटातच राहिला. काकूंनी वाढण्याचा हात मागे घेतला. मला वाटलं, आता कार्ड फाडणार. ते उठले, डाव्या हातानं डबा उघडला, माझं कार्ड काढलं, कापताना जपून ठेवलेल्या कपट्यांतला एक कपटा हुडकला आणि ताटावर परत येऊन बसले. उजव्या हाताच्या बोटावर भाताचं एक शीत घेतलं, चुरडलं, आणि सातव्या भोकाची खाच त्या कपट्यानं बुजवून टाकली. फुंकर मारून वाळवली. मग म्हणाले, "आतां खरें झालें." मी रडत होतो. ते म्हणाले, "तें पोस्टमनला सांगायला मी जातों. तूं नको येऊं." आणि काकूंना म्हणाले, "ह्याला वाढ." मी काजळीच्या हातानं जेवलो. ते मात्र ताटावरून उठून आतल्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. मला वाटलं, माझ्यामुळेच त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची पितळी पाटी नव्हती. मी विचारलं. "रंगवायला दिली," रायर म्हणाले. पितळी पाटी रंगवतात की काय हे विचारण्याची माझी तेव्हा छाती नव्हती. पुढच्या साऱ्या वर्षांत ती पाटी रंगून परत आली नाही. मी अधूनमधून आठवण करी. ते म्हणत, "त्या रंगाऱ्याचें कांहीं खरें नाहीं," आणि चष्मा पुसायला घेत.

त्या बाईंकडे जाऊन रायरांनी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अभ्यासक्रम दर वर्षी असतो. दहावी करा आणि या." दहावी करायची म्हणजे गावाकडून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं आणि परीक्षेला महिनाभर गावी जायचं. महिना म्हटल्यावर आमच्या शेठनी कपाळाला हात लावला. "आरं, मुशी फोडून झाल्या, आता पुस्तकं फोडतोस व्हय? कलेक्टर हुणार का मामलेदार?" शेठ माणूस वाईट नव्हते, पण त्यांनी एकाला सोडलं की दहा जणांना सोडावं लागेल ही त्यांची भीती. रायरांनी त्यांना वर कॉफीला बोलावलं. समोर गल्लीतल्या सगळ्या दुकानमालकांचा गठ्ठा ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "शेठ, मोठ्या मनाचा मालक ह्या गल्लीत कोण, तें पाहूं." सळई घातली, उचलली. बावीस कार्डं हंसाखाली लटकत राहिली आणि एकच टपकन शेठच्या पायाशी पडलं. शेठनी ते उचललं, उलटसुलट बघितलं, नाव आपलंच. त्यांचा चेहरा लग्नातल्या व्याह्यासारखा फुलला. "आता मशिनच म्हणतंय म्हटल्यावर..." असं म्हणून त्यांनी महिन्याची सुटी दिली. ते गेल्यावर मी पेले उचलायला वाकलो तर चटईखाली ताजा कापलेला एक कपटा. मी रायरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "शेठ आतां मोठ्या मनाचे झाले कीं नाहीं? मग कार्डांत काय चुकलें?"

अभ्यास रायरांनी घेतला. भूमिती काकूंच्या रांगोळीच्या ठिपक्यांवर शिकवली. त्यामुळे दारापुढची रांगोळी कित्येक दिवस पायथागोरसाची होती आणि येणारेजाणारे ती ओलांडताना बिचकत. मराठीच्या पुस्तकाशी मात्र त्यांचं रोज भांडण. "हें मराठी कोणीं केलें? 'मी येतों' ह्याचा अनुस्वार कुठें गेला?" मी म्हणे, "सरकारनं काढला." "राजानें काढला असता तर आम्ही ऐकलें असतें," ते म्हणत. पहिल्या खेपेला माझं गणित राहिलं. ती बातमी घेऊन मी परत आलो तेव्हा मला वर जायचा धीर होईना. शेवटी काकूच खाली आल्या, म्हणाल्या, "वर ये. ते केव्हांचे कातरी लपवून बसले आहेत, तुला दिसूं नये म्हणोन." दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबरात, गणित सुटलं. गुणपत्रिका घेऊन मी स्टेशनावरून थेट माडीवर गेलो. रायरांनी आंघोळ केली. कातरी सकाळीच धारवाल्याकडून आणलेली होती. गुणपत्रिका त्यांनी दोनदा वाचली, काकूंनी मला ओवाळलं, आणि सातव्या भोकावरचा तो कपटा भाताच्या वाळक्या खळीसकट त्यांनी कापला. खळीनं कडक झालेलं कार्ड, खाच सरळ आली नाही. जरा दातेरी झाली. "असूं दे," रायर म्हणाले. "दोनदां कापलेली खाच पक्की असते."

मला प्रवेश मिळाला. दीड वर्षं मी दिवसा भट्टीशी आणि संध्याकाळी कौलारू वर्गात. एकदा बाईंच्या परवानगीनं मी रायरांना संगणकाची खोली दाखवायला नेलं. फाटकापाशीच त्यांनी चपला काढल्या. आत थंड हवेचं यंत्र, ते कुडकुडू लागले, पण उपरणं अंगभर घ्यायला तयार होईनात, म्हणाले, "सभ्य दिसत नाहीं." मी त्यांना काळी चौकोनी फ्लॉपी दाखवली आणि सांगितलं की तुमच्या सगळ्या डब्यांत आहे त्याहून जास्त हिच्यात मावतं. त्यांनी ती उजेडात धरली, मधल्या भोकातून एका डोळ्यानं पलीकडे पाहिलं. "ह्याला भोक एकच?" "एकच, रायर." बराच वेळ विचार करून म्हणाले, "मग सगळ्यांना एकच प्रश्न विचारीत असतील." बाई इतक्या हसल्या की त्यांच्या केसांतला मोगरा सुटला.

डिप्लोमा झाल्यावर मला कोइमतूरच्या एका गिरणीत डेटा प्रोसेसिंगच्या खात्यात नोकरी लागली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. रायरांची पत्रं येत, अर्थात कार्डांवर, आणि काठाला भोकं. 'खोकला गेला कां' या भोकाची खाच मी कापून परत पाठवायची असा रिवाज होता. नव्वद सालानंतर त्यांचं अक्षर थरथरू लागलं. मग एका उन्हाळ्यात कार्ड आलंच नाही. मी पोचलो तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं.

काकू माडीवर एकट्याच होत्या. कॉफी दिली, तोच पितळी पेला. मग डबा पुढे ओढला. "मुलींना नको हें. तूं घेऊन जा. तुझ्या यंत्रांत नाहीं बसायचें, पण घे." मी घरच्या माणसांचा गठ्ठा काढला. त्यात माझं कार्ड होतं. 'भाडेकरू'च्या डब्यातून ते घरच्यांत कधी आलं ते मला ठाऊक नव्हतं. त्याच्या पुढचंच कार्ड रायरांचं स्वतःचं. सगळ्यांत जुनं, चहासारखं तांबूस झालेलं. मी सवयीनं वरच्या काठावरून बोट फिरवलं आणि आठव्या, कॉलेजच्या भोकापाशी थांबलो. तिथे एकेकाळी खाच होती. ती बुजवलेली होती. कपटा आणि भाताची खळ.

मी काकूंकडे पाहिलं.

"एक वर्ष गेले होते त्या पुलावरून," काकू म्हणाल्या. "मग माझे सासरे वारले, हे नोकरीला लागले. लग्न ठरवतांना मोठ्या माणसांनीं बी. ए. म्हणोन सांगितलें, आणि यांनीं नाहीं म्हटलें नाहीं. तेंच पाटीवर चढलें. मला काय, चौथ्या दिवशींच कळलें. मी कांहीं बोललें नाहीं." त्यांनी पदरानं डब्यावरची धूळ पुसली. "तूं त्या दिवशीं उंबऱ्यांत उभा राहून बोललास ना? तुला वाढलें, तूं खालीं मान घालून जेवत होतास. तेव्हां यांनीं ताटांतलें आणखी एक शीत उचललें आणि आंत गेले. संध्याकाळीं स्क्रू काढायला मलाच दिवा धरायला लावला. पाटी माझ्या पेटींत आहे."

हंसाची सळई डब्यातच होती. काकूंना विचारून ती मी गठ्ठ्याच्या आठव्या भोकातून घातली आणि उचलली. दोन्ही मुली पडल्या, जावई पडले. आणि माझं कार्ड पडलं. डिप्लोमा झाल्यावर रायरांनी न सांगताच ते भोक कापून ठेवलं होतं. काकू वर लटकत होत्या, आणि त्यांच्या शेजारी, खिडकीच्या वाऱ्यानं जरासं हलत, रायर.

कातरी तिथेच, हाताशी होती. मी तिला हात लावला नाही. सळई तशीच धरून बसलो, आणि पेल्यातली कॉफी निवून गेली.